जमिनीला लागलेली रोपं

१

सकाळी साडेसहाला अलका उज्जैनच्या फ्रीगंजातल्या घरून स्कूटी काढायची. टावर चौकातली दुकानं बंद असायची, फक्त पोहेवाल्याच्या कढईखाली जाळ लागलेला असायचा. सातच्या आत ती शहराबाहेर नदीकाठच्या रोपवाटिकेचं फाटक उघडायची. बँकेतून रिटायर होऊन तिला दीड वर्ष झालं होतं, पण रोपवाटिकेत ती अकरा वर्षांपासून येत होती. मंडळ छोटं होतं. अध्यक्ष भय्यासाहेब, सचिव अलका, आणि हौसेनं राबणारी दहा-बारा माणसं. काम एकच. क्षिप्रेच्या काठावर जी झाडं मुळात होती, तीच तिथल्याच बियांपासून वाढवायची आणि काठावर परत लावायची. कहुआ, जांभूळ, उंबर, करंज. पुण्याकडे कहुआला अर्जुन म्हणतात, उज्जैनला कहुआच.

रोपवाटिकेत काळ्या पिशव्या फार दिवस एका जागी ठेवून चालत नाही. पाणी निघून जावं म्हणून पिशवीच्या तळाला भोकं असतात. त्यातून मूळ बाहेर येतं, खालच्या मातीत शिरतं, आणि मग ते रोप पिशवीचं राहत नाही, जमिनीचं होतं. ‘जमिनीला लागलं’ म्हणतात त्याला. म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पिशवी उचलायची, बाहेर आलेलं मूळ कात्रीनं छाटायचं आणि पिशवी सरकवून ठेवायची. कंटाळवाणं काम, कंबर मोडणारं. अलकाला ते आवडायचं. निदान यंदाच्या मार्चपर्यंत तरी आवडायचं.

मार्चपासून मात्र ती रागातच होती. मुलीच्या, शर्वरीच्या बाळंतपणासाठी ती महिनाभर पुण्याला गेली होती. परत आली तेव्हा नदीच्या वळणावरची कहुआवाडी नव्हती. मंडळानं तिथं चार वर्षांपूर्वी लावलेली, माणसाच्या डोक्यावर गेलेली झाडं नव्हती, आणि त्यांच्या मधोमध उभे असलेले दोन म्हातारे कहुआ, ज्यांच्या बुंध्याला तिघांची कव लागायची, तेही नव्हते. सपाट मुरूम अंथरलेला होता. येत्या सिंहस्थासाठी गाड्या उभ्या करायची जागा. “सरकारी काम ग,” भय्यासाहेब म्हणाले होते, “आपल्याला कोण विचारतं?” अलका त्या मुरमात गुडघे टेकून बसली होती आणि तुटलेल्या फांद्यांखालून कहुआची कडक, पाच पंखांची फळं वेचून तिनं ओढणीत बांधून आणली होती. आता जुलै संपत आला होता, आणि त्या फळांची सहाशे रोपं हिरव्या जाळीखाली वीतभर उंच झाली होती.

त्या मंगळवारी तिनं आणि शैलानं मिळून कहुआचा अख्खा वाफा सरकवला. शैला रेल्वे कॉलनीतली, बडबडी, हाताला चपळ. एकही मूळ बाहेर राहिलं नव्हतं, अलकानं स्वतः पाहिलं होतं.

बुधवारी सकाळी झारी टेकवायला जागा करावी म्हणून ती कडेची एक पिशवी उचलायला गेली. पिशवी उठली नाही.

तिनं जोर लावला. पिशवी दोन बोटं वर आली, आणि खालून कुणीतरी ती परत घेतली. झटका नव्हता. दोघांनी मिळून चादर घडी करताना समोरचं माणूस आपल्याकडचं टोक सावरून घेतं, तेवढंच. तितकंच समजूतदार.

अलकानं हात काढून घेतला. जाळीखाली काही हलत नव्हतं. वाफ्यातून ओल्या मातीचा वास येत होता.

“शैला, इकडं ये. ही उचल बरं.”

शैलानं एका हातानं पिशवी उचलली, उलटी करून तळ बघितला. एक मूळ नव्हतं. “काय झालं ताई? हलकी तर आहे. तुमचा हात दुखून राहिला असेल.”

अलकानं शेजारची पिशवी धरली. ती उठली नाही. तिच्या शेजारचीही नाही.

२

“ओल्या मातीची ओढ असते ती,” श्रीधर जेवताना म्हणाला. तो पॉलिटेक्निकात शिकवून निवृत्त झालेला, अलकाचा नवरा, प्रत्येक गोष्टीला कारण असतंच अशी त्याची श्रद्धा. “तळाला चिखल असला की हवा शिरत नाही, पिशवी चिकटते. चिखलातून चप्पल काढतो आपण तेव्हा कसं होतं?”

“मग शैलानं कशी उचलली?”

“तू आधी हलवलेली होतीस ना. हवा शिरली.”

“बाकीच्या दोन?”

“तुझी आता साठी उलटली, अलका,” तो मायेनं म्हणाला, आणि ती ताट उचलून आत निघून गेली.

कारण तिलाही हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना तिनं शैलाला कहुआची एक पिशवी बिया निवडायच्या लोखंडी टेबलावर ठेवायला लावली. टेबल कमरेइतकं उंच. खाली चिखल नाही, माती नाही, चिकटायला काही नाही. फाटकाला कुलूप तिनंच लावलं, सकाळी तिनंच काढलं.

पिशवी टेबलावरच होती. तिच्या तळातून एक मूळ निघालं होतं, पांढरं, सुतळीएवढं जाड. ते टेबलाच्या पत्र्यावरून सरळ गेलं होतं, कडेवरून खाली उतरलं होतं, आणि जमिनीच्या वीतभर वर अधांतरी लोंबत होतं.

एका रात्रीत. अलका उभी राहून हिशेब करत होती की कुठलं मूळ एका रात्रीत दोन-तीन हात वाढतं. कुठलंच नाही. मग कुणीतरी मुद्दाम लावलं असेल, चेष्टा केली असेल. वाकून जवळून बघावं म्हणून ती डावीकडे सरकली.

मुळाचं टोक डावीकडे आलं.

वारा, तिनं स्वतःला सांगितलं. आपण हललो त्याची हवा लागली. ती उजवीकडे गेली आणि श्वास धरून थांबली. टोक थोडा वेळ तसंच होतं. मग ते सावकाश वळलं, आंधळं माणूस आवाजाच्या दिशेनं तोंड करतं तसं, आणि तिच्या पायांच्या समोर येऊन थांबलं.

भीती वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं. पण त्या दिवसांत तिच्या आत रागाशिवाय दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. तिनं कात्री घेतली आणि मूळ टेबलाच्या कडेशी कापलं. खाली पडलेला तुकडा पायानं वाफ्यात लोटला. “माझ्याकडे काय बघता?” ती मोठ्यांदा म्हणाली. “मी तुम्हाला मुरमातून वेचून आणलंय. ज्यांनी केलं त्यांच्याकडे जा.”

जाळीखालची सहाशे रोपं स्तब्ध होती. एक पान हललं नाही.

३

शनिवारी रोहन आला. सिंहस्थाची कामं बघणाऱ्या सरकारी खात्यातला इंजिनिअर, चाळिशीचा, मूळचा देवासचा मराठी, वागायला गोड. बुटांना चिखल लागू नये म्हणून तो फाटकाजवळच्या फरशीवरच थांबला.

“मॅडम, हरियाली अमावसेला कार्यक्रम आहे. नदीकाठी वृक्षारोपण, मोठे लोक येणार. रोपं तुमच्याकडची घ्यायची ठरलीत. भय्यासाहेब हो बोलले.”

“कुठली रोपं?”

“हीच, कहुआची. वळणावर पार्किंगच्या कडेनं एक पट्टी सोडलीय, तिथं लावायची.”

अलकाच्या हातातली झारी वाहत राहिली. “ही रोपं वीतभर आहेत. अजून वर्षभर जमिनीत लावायची नाहीत, जगणार नाहीत. आणि कुठं म्हणालात? जिथली झाडं तुम्ही मार्चमध्ये कापलीत, तिथंच?”

“मॅडम, रागावू नका. पण तिथं झाडं कुठं होती?”

“काय?”

“म्हणजे, तुम्हीच तर लिहून दिलं होतं.” त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, खरंच गोंधळ होता. त्यानं मोबाइल काढला, फाइल शोधली आणि तिच्यासमोर धरली.

मंडळाचं लेटरहेड होतं. हिंदीत चारच ओळी टाइप केलेल्या. ‘उक्त स्थल पर केवल झाड़ियाँ हैं, संरक्षण योग्य कोई वृक्ष नहीं है। संस्था को कोई आपत्ति नहीं।’ खाली अध्यक्षांची सही. शेजारी सचिवांची सही. अलकाची. चौतीस वर्षं बँकेत ज्या सहीनं काम केलं ती, शेवटच्या अक्षराखालच्या रेघेसकट.

ती खोटी नव्हती. पुण्याला जाण्याआधी तिनं भय्यासाहेबांकडे पाच कोऱ्या लेटरहेडांवर सह्या करून ठेवल्या होत्या, अडायला नको म्हणून. चौतीस वर्षं ती काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला सांगत आली होती, बाई, कोऱ्या कागदावर सही करू नका.

“मॅडम? तुम्ही ठीक आहात ना?”

“ती पट्टी,” अलका म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. “कार्यक्रम झाला की तिच्यावरून पण रोलर फिरवणार?”

“नाही नाही. पट्टी राहणार. माझा शब्द आहे तुम्हाला.” रोहननं छातीवर हात ठेवला.

तो गेल्यावर ती झारी भरायला वळली, तेव्हा तिला दिसलं की कहुआच्या वाफ्यातल्या पिशव्या फाटकाच्या बाजूला थोड्या कलल्या आहेत. सगळ्या. पाण्यानं माती खचली असेल. पण त्या बाजूला तिनं अजून पाणी घातलंच नव्हतं.

४

भय्यासाहेबांना तिनं दुपारी तिथंच बोलावलं. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या सुनेच्या हातचा चहा घेऊन हे बोलणं तिला शक्य नव्हतं. ते आले, पंचाहत्तरीतही ताठ, पांढरा कडक झब्बा, हातात काठी केवळ शोभेला. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात होते. ती अदब त्यांच्या बोलण्यात अजून होती. अलकाच्या वडिलांशी त्यांची मैत्री, त्यामुळे तिला ते परकरातल्या वयापासून ओळखत.

ते बाकावर बसले. ती उभीच राहिली.

“पत्र बघितलं मी.”

भय्यासाहेबांनी काठी दोन्ही हातांत धरली. नाकारलं नाही. एवढं तरी केलं.

“बसतेस का?”

“नाही.”

“मग ऐक. ही जागाही सरकारी आहे, रोपवाटिकेची. फेब्रुवारीत मला बोलावून सांगितलं, वळणावर हरकत घेतलीत तर इथलंही खाली करावं लागेल. मी काय करायचं होतं? ती चारशे झाडं दिली म्हणून ही रोपवाटिका राहिली. तू असतीस तर तूही हेच...”

“मी असते तर कोर्टात गेले असते.”

“आणि हरली असतीस.”

“हरले असते! पण ‘झाडं नाहीत’ असं लिहून दिलं नसतं. ‘झाडियां’? नुसती झुडपं? भय्यासाहेब, त्या बुंध्याला हात लावून तुम्ही लोकांना सांगायचात, हे माझ्या आजोबांपेक्षा मोठं आहे म्हणून. आणि माझी सही? मला पुण्याला फोन करता येत नव्हता? नातीला मांडीवर घेऊन बसले होते मी, आणि तुम्ही इथं माझ्या हातानं...”

तिचे रागानं दात वाजत होते.

“तू भांडली असतीस म्हणून नाही केला फोन,” ते हळू आवाजात म्हणाले. “भांडून काही राहत नाही ग. मी आयुष्यभर बघितलंय.”

त्याच वेळी खालून आवाज सुरू झाला. प्लास्टिक चुरगळल्याचा. कुणीतरी मुठीत पिशवी सावकाश आवळावी तसा, आधी एक, मग दोन-चार ठिकाणांहून, मग सगळ्या वाफ्यातून. मोठा नव्हता. भर दुपारी, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असताना लक्षातही आला नसता. पण रस्ता रिकामा होता.

“उंदीर झालेत का इथं?” भय्यासाहेबांनी विचारलं.

अलकानं वाफ्याकडे बघितलं. पिशव्यांचे तळ चेपले गेले होते, आतून बाहेर नाही, बाहेरून आत. मातीत उमटलेली ती चेपण चार बोटांची आणि एका अंगठ्याची दिसत होती, असं तिला वाटलं. वाटलं, एवढंच. जाळीच्या सावल्या तशाही फसव्या.

“रोपं देणार नाही मी,” ती म्हणाली.

“मी शब्द दिलाय. अमावसेला नऊ वाजता ट्रक येईल.” ते उठले. निघताना त्यांना काठीचा खरोखरच आधार घ्यावा लागला. काठी मातीतून उपटून काढताना त्यांनी दोनदा जोर लावला आणि दोन्ही वेळा खाली बघितलं.

५

घरोघरच्या मराठी बायका त्या दिवशी सकाळी दिवे घासून पाटावर मांडत होत्या, दिव्यांची अवस म्हणून. बाकीच्या शहराला हरियाली अमावस होती. अलकानं दिव्यांना हात लावला नाही. आठलाच ती रोपवाटिकेत जाऊन बसली.

तिनं फाटक अडवलं नाही, आरडाओरड केली नाही. तिचा बेत सोपा होता. ती आडवी येणारच नव्हती. गेले दहा दिवस तिनं रोज एकेक पिशवी ओढून पाहिली होती आणि एकही उठली नव्हती. शैलानं सहज उचलली होती, ते तिनं हिशेबात धरलं नाही. खात्याचे मजूर येतील, ओढतील, पिशव्या फाटतील, रोपं जमीन सोडणार नाहीत. भय्यासाहेबांचा शब्द सगळ्यांसमोर मातीत जाईल. या विचारानं तिला मार्चपासून पहिल्यांदा भूक लागली होती.

ट्रक आला. आठ मजूर उतरले. पहिल्यानं वाकून दोन हातांत चार पिशव्या उचलल्या.

अगदी सहज. बाजारात भाजीच्या जुड्या उचलाव्यात तशा.

“अरे, रुको,” अलका पुढं झाली. “ये देखो, नीचे जड़ है, टूट जाएगी...”

“कुछ नहीं है मैडम.” त्यानं तळ दाखवला. गुळगुळीत, कोरडा. “एकदम हल्के हैं. मिट्टी भरी कि नहीं?”

मजूर हसले. पंचवीस मिनिटांत अख्खा वाफा ट्रकमध्ये चढला. अलका रिकाम्या जमिनीकडे बघत राहिली. तिथं पिशव्यांचे गोल ठसे होते, आणि प्रत्येक ठशाच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक. ती भोकं खाली किती खोल जात होती ते दिसत नव्हतं.

“धरून ठेवायला काय झालं होतं?” ती म्हणाली. कुणाला, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. “मला तर धरलं होतं!”

शैला लांबून तिच्याकडे बघत होती. अलकानं कात्री खांद्यावरच्या पिशवीत टाकली आणि ट्रकच्या मागं स्कूटी घातली.

६

मुरमावर मांडव घातला होता, खुर्च्या, कारंज्यासारखे लावलेले झेंडू, भोंग्यावर भजन. पट्टीत खड्डे आधीच खणून ठेवले होते. पाहुणे अजून यायचे होते. तोवर संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते पहिलं रोप लावून घ्यावं, असं ठरलं. भय्यासाहेब गुडघ्यावर बसले. कुणीतरी पिशवी फाडून रोप त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खड्ड्यात धरलं, माती ओढली, उजव्या हातानं दाबली.

“एक और, साब. इधर देखिए,” फोटोवाला म्हणाला.

भय्यासाहेब हसले. अलका दहा पावलांवर उभी होती. म्हणून तिला दिसलं की फोटो झाल्यावरही ते हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि मग एकेक करून सुटत गेलं, आधी डोळ्यांतून, मग गालांवरून.

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. ओरडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांची नजर तिच्यावर आली.

“अलका. ये जरा इकडं.”

ती गेली.

“निघत नाही,” ते ओठ न हलवता म्हणाले.

“काय?”

“हात.”

मनगटापर्यंत हात मातीत होता. भुसभुशीत, नुकतीच लोटलेली माती, लहान मूलही हात काढून घेईल अशी. झब्ब्याची बाही हळूहळू खाली जात होती.

अलकाला सगळं कळलं. निदान आता काय करायला हवं, ते कळलं. कात्री खांद्यावरच्या पिशवीत होती. वाकायला एक क्षण पुरला असता.

“ते पत्र कुणी लिहिलं?” ती म्हणाली.

“आत्ता? इथं?”

“इथंच.”

माइकवाल्याला वाटलं, साहेबांना दोन शब्द बोलायचेत. त्यानं धावत येऊन माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

“मी लिहिलं,” भय्यासाहेब म्हणाले. भोंग्यावरून तो आवाज मुरमावर पसरला, नदीपलीकडच्या शेतांवर गेला. “इथं झाडं नाहीत, असं मी लिहून दिलं. झाडं होती. खूप झाडं होती.”

मराठी फारसं कुणाला येत नव्हतं. झाडांबद्दल काहीतरी चांगलं बोलले, एवढं कळलं. लोकांनी जोरदार टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी अलकाच्या डोळ्यांपुढं लाल झालं.

“हिंदीत सांगा,” ती म्हणाली.

हे तिचे शब्द. नंतर कितीही प्रयत्न केला तरी तिला ते विसरता आले नाहीत. पंचाहत्तर वर्षांचा माणूस कोपरापर्यंत जमिनीत गेला होता, त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते, आणि ती म्हणाली, हिंदीत सांगा.

भय्यासाहेबांनी तिच्याकडे वर बघितलं आणि अगदी हळू, माइकला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “सही तुझीही आहे, बाळ.”

तेव्हा ती वाकली. कात्री घेऊन तिनं हात त्यांच्या हाताशेजारून मातीत घातला. माती वरून कोमट होती आणि वीतभर खाली विहिरीसारखी गार. त्यांचं मनगट लागलं. घड्याळाचा पट्टा. मग बोटं, म्हाताऱ्या पेरांची. बोटांभोवती जावळासारखं मऊ, दाट काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिनं कात्रीचं टोक त्यात घालायचा प्रयत्न केला.

तिचा हात धरला गेला.

भय्यासाहेबांनी नाही. त्यांची पाचही बोटं तिच्या तळव्याखाली होती, ती तिला मोजता येत होती. हे खालून आलं होतं. पकड घट्ट नव्हती. ओळखीच्या माणसाचा हात गर्दीत धरावा तशी होती, आणि तिच्यात एक प्रकारची खात्री होती, घाई नव्हती. मुळांना नखं नसतात, हे अलकाला ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले नाहीत, पण खाली बघितलंही नाही.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. भजन चालूच होतं. मग ती पकड सैल झाली. सुटली असं तिला वाटलं नाही, सोडून दिलं असं वाटलं. आज जा, म्हणाल्यासारखं.

दोघांचे हात एकदम बाहेर आले. भय्यासाहेब मागं कलंडले. लोक धावले, “चक्कर आई है, पानी लाओ,” कुणी टोपीनं वारा घालू लागलं. हातावर ओरखडाही नव्हता. नुसती माती.

तासाभरानं पाहुणे आले. बाकीची सगळी रोपं लावून झाली. दुसऱ्या कुणाला काहीच झालं नाही.

७

भय्यासाहेबांनी अध्यक्षपद सोडलं. त्यांचा उजवा हात दिसायला चांगला होता, पण त्यात काही धरता येत नव्हतं. डॉक्टर नस दबल्याचं म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, खात्याला खरं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. अलका एकदा त्यांना भेटून आली. दोघं अर्धा तास बसली, कहुआबद्दल एक शब्द निघाला नाही. निघताना त्यांनी डाव्या हातानं तिच्या डोक्याला स्पर्श केला. तिला क्षमा मागायची होती. पण राग आड आला.

पट्टीकडे ती गेली नाही. शैला जाऊन आली, म्हणाली, कुणी पाणी घालत नाही तरी सगळी जगलीत ताई, गुडघ्याला लागून राहिलीत. वीस दिवसांत.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहाला रोहनचा फोन आला. अलका डायनिंग टेबलाशी पालेभाजी निवडत होती.

“मॅडम, वरून ऑर्डर आली,” तो घाईनं म्हणाला. “पट्टीसुद्धा घ्यायची. बसेस वळवायला जागा कमी पडते.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“माझ्या हातात काय आहे, मॅडम? पण फोन त्यासाठी नाही केला. इथं... जेसीबीवाल्यानं पहिली ओळ काढली. मग बकेटात काय अडकलं बघायला खाली उतरला. अर्धा तास झाला. मशीन चालू आहे, तो तिथंच उभा आहे. हाक मारली तर मान वळवून बघतो. पण चालत नाही.”

अलकाच्या हातातली काडी तशीच राहिली. “तुम्ही कुठं आहात?”

“गाडीत. लांब आहे. भय्यासाहेबांच्या वेळी तुम्हीच होता ना जवळ? तुम्ही येता का? प्लीज.”

गाडीतून उतरू नका, मी निघालेच. हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं.

“काढलेली रोपं कुठं आहेत?” तिनं विचारलं.

“इथंच, ढिगात.”

“परत लावा.”

“मी?”

“तुम्ही. हातानं. आत्ता.”

“मॅडम, काही धोका नाही ना? म्हणजे, उतरलं तर...”

“शब्द तुम्ही दिला होता, रोहन. मी नाही.”

मशीनचं घरघरणं ऐकू येत होतं. मग गाडीचं दार उघडलं. मुरमावर बूट वाजायला लागले, करकर, करकर, जवळ येणाऱ्या मशीनच्या आवाजात मिसळत.

“कुणाचा फोन ग?” आतून श्रीधरनं विचारलं. अलकानं हात वर करून त्याला गप्प केलं.

बूट थांबले.

“मॅडम,” रोहनचा आवाज आला, नवल वाटल्यासारखा, “मुरूम आहे ना इथं? मग पाय कसा...”

पुढं तो बोलला नाही. मशीन चालू होतं. त्याच्यामागं, खूप खाली, प्लास्टिक चुरगळल्यासारखं काहीतरी वाजत होतं.

आपण उठायला हवं, हे अलकाला कळत होतं. स्कूटीची किल्ली समोर खुंटीला होती. ती फोन कानाशी धरून बसून राहिली. तिचा राग अजून उतरला नव्हता.